कोसाडचं घर आणि माझा पाच मीटरचा टेप

शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४. संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. मी मलकापुरातल्या आमच्या ऑफिसात संगणकावर एका फ्लॅटचा आरसा करत होतो. आरसा म्हणजे एका घराचा नकाशा काढून झाला की एक आज्ञा द्यायची, शेजारचं घर आपोआप उलटं तयार होतं. डाव्या हाताची मोरी उजव्या हाताला जाते. मग ती दोन घरं उचलून पुढे चिकटवायची, मग चारही घरं वरच्या मजल्यावर, मग त्याच्याही वर. तीन वर्षं मी हेच करतो आहे. दोन-अडीचशे घरं तरी काढली असतील. त्यातल्या एकाही घरात बसून मी अजून चहा प्यायलेलो नाही.

तेवढ्यात सुनीताताईचा फोन आला.

"मन्या, सोमवारी बारा वाजेच्या आत हो का नाही ते सांगा लागते. तू ये."

"भाऊजी काय म्हणतात?"

"ते म्हणतात मन्याले इचार. सासूबाई म्हणतात नाही म्हणजे नाही. मी काही म्हणत नाही. तू नकाशे काढतो ना? पाहून घे अन सांग."

ताई माझी मोठी बहीण. लग्न होऊन सुरतेला गेली त्याला अकरा वर्षं झाली. भाऊजी पॉवरलूमवर आहेत. डिंडोलीच्या अलीकडे खाडीच्या काठाला एक वस्ती आहे, तिथे त्यांची एक खोली. ती वस्ती हलवणार आहेत आणि चिठ्ठ्या टाकून घरं वाटली, त्यात ताईला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडच्या पुढे, तिसऱ्या मजल्यावरचा तयार फ्लॅट लागला. हो म्हटलं तर महिन्याभरात किल्ली. नाही म्हटलं तर नाव पुन्हा यादीत आणि पुढचा नंबर कधी येईल ते कुणी सांगत नाही. एकदा सही झाली की बदल नाही.

लोक सुरतेला साड्या घ्यायला जातात, हिरे बघायला जातात, खायला तर जातातच. मी तीन खोल्यांचं एक रिकामं घर बघायला गेलो. तुमच्यापैकी कुणाला किंवा कुणाच्या बहिणीला असं घर लागलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो.

माझं शिक्षण किती ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. दहावी पास. त्यानंतर आयटीआयमध्ये आराखडेकाराचा कोर्स, एक वर्ष. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली नाही. पण आमच्या सरांनी त्या एका वर्षात फळ्यावर लिहून दिलेलं सगळं माझ्या वहीत आहे आणि ती वही मी अजून वापरतो. एका पानावर मथळा आहे, 'आधुनिक वास्तुकला: तत्त्वे'. खाली तीनच ओळी. ऊन आणि हवा सगळ्यांना सारखी. आकार वापरावरून ठरवायचा, शोभेवरून नाही. जे ओझं उचलत नाही ते घराला लावायचं नाही.

सर म्हणायचे, पूर्वी आधी वाडा बांधायचे आणि मग त्यात माणसं बसवायचे, आणि गिरणीतल्या कामगाराला जी खोली मिळायची तिला खिडकीसुद्धा नसायची. मग काही लोकांनी ठरवलं की कामगाराच्या घरातही शेठच्या घराइतकंच ऊन आलं पाहिजे. बस, एवढंच. त्यासाठी त्यांनी कमानी काढून टाकल्या, नक्षी काढून टाकली, भिंती पातळ केल्या, खिडक्या मोठ्या केल्या. सर सांगायचे, "माप माणसावरून घ्या. पलंग केवढा, माणूस पलंगावरून उठून कसा वळतो, चुलीपाशी किती वाकतो. त्यावरून खोली." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या घरात पलंग नव्हता.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघालो. जनरलचं तिकीट एकशे पस्तीस रुपये. बॅगेत पाच मीटरचा टेप, दोन पेन्सिली, वही, होकायंत्र असलेला मोबाईल आणि भाचीसाठी पेढे. टेप आहे का ते मी शेगावच्या बाजूनं आलेली गाडी फलाटाला लागेपर्यंत तीनदा बघितलं. भुसावळला वीस रुपयांची केळी घेतली. तुम्हाला खिडकी हवी असेल तर भुसावळच्या आधीच मिळवा, नंतर मिळत नाही. नंदुरबारच्या पुढे नवापूरचं स्टेशन लागतं, ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. डब्यातल्या सगळ्यांनी बाहेर पाहिलं आणि कुणालाच रेघ दिसली नाही.

डिंडोलीला जायचं असेल तर सुरत स्टेशनपर्यंत जाऊ नका, आधी उधन्याला उतरा. दुपारचे अडीच झाले होते. शेअर रिक्षानं वीस रुपये घेतले आणि खाडीच्या पुलापाशी सोडलं. तिथून चालत गल्ली. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या खोल्या, मध्ये झाकण नसलेलं गटार, आणि खाडीचा वास. पहिल्या दहा मिनिटांनी वास कळेनासा होतो. मला तेच जास्त वाईट वाटलं.

ताईच्या दारात पोचलो तर आत जायला वाटच नव्हती. दारापुढे ओटा आहे, गुडघ्याएवढा उंच. ताईचा, शेजारच्या शोभावहिनींचा आणि त्यापलीकडचा, असे तीन ओटे एकमेकांना जोडलेले. त्या तिन्हींवर मिळून एक पोपटी साडी आडवी पसरली होती आणि तिच्या कडेनं चार बायका बसून खडे चिकटवत होत्या. मेंदीच्या कोनासारख्या कोनातून गोंदाचा ठिपका द्यायचा, मेण लावलेल्या काडीनं परातीतला खडा उचलायचा आणि ठिपक्यावर टेकवायचा. हात इतके भरभर चालत होते की मला मोजता आले नाहीत.

"मन्या, पाय पाह्य," ताई मान वर न करता म्हणाली. "ओली हाये."

मी एका पायावर उभा राहिलो.

"ह्येच का तुमचे इंजिनिअर?" शोभावहिनी म्हणाल्या. त्या परभणीकडच्या.

"इंजिनिअर नाही, नकाशेवाला हाये," ताई म्हणाली.

"मग आमच्या मालकाला बी एक नकाशा काढून द्या की ओ. घरी यायचा रस्ता सापडंना त्येन्ला."

चौघी हसल्या. मी गटारावरच्या फरशीवरून वळसा घालून मागच्या दारानं आत गेलो.

आत ताईची सासू पडून होती. तिला मी मावशी म्हणतो. तिच्या गुडघ्यांना वात आहे आणि खोकला आहे. भाऊजी रात्रपाळी करून आलेले, तिच्याच पलीकडे तोंडावर टॉवेल टाकून झोपले होते. मी हळूच टेप काढला. खोली दोन मीटर सत्तर गुणिले तीन मीटर चाळीस. खिडकी नाही. पत्र्याची कमीत कमी उंची एक मीटर पंच्याण्णव. मागच्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत ओल. भाची पाटी घेऊन दारात बसलेली, कारण आत अक्षर दिसत नाही. मी हे सगळं वहीत लिहिलं. राग येत होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

"काय मोजून राहिला रे बापा," मावशी म्हणाली. "मावन का मी?"

"नवं घर बघायचं ना उद्या, मावशी. फरक किती ते काढतो."

"तीन मजले हायेत ना? मंग मले एकदाच वर नेजा, अन एकदाच खाली आणजा."

पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. कांतीभाई म्हणून एक गृहस्थ आहेत, साड्यांचं काम वस्तीत वाटतात. त्यांनी हॉर्न दिला तशा गल्लीतल्या बायका घड्या घातलेल्या साड्या डोक्यावर घेऊन गेल्या आणि नवी गाठोडी घेऊन आल्या. ताईच्या ओट्यावर दिवसाला सात-आठ साड्या होतात. पैसे चौघींत वाटतात. दहा मिनिटांत टेम्पो गेला. ताईनं गाठोडं ओट्यावर ठेवलं, ओटा पाण्यानं पुसला आणि स्वयंपाकाला लागली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि शेवेची भाजी. इतकं चांगलं जेवण मला पूर्ण प्रवासात परत मिळालं नाही.

रविवारी सकाळी मी, ताई आणि भाऊजी कोसाडला निघालो. उधन्याला गाडीवर लोचो खाल्ला, म्हणजे डाळीचा मऊ, मोडलेला ढोकळा, चाळीस रुपये प्लेट. वर तेल, शेव, कांदा, गरम असेपर्यंत खायचा. मग बस, मध्ये एकदा बदलावी लागते. भाऊजींनी तिकिटं काढू दिली नाहीत. शहर संपत नाही, संपत नाही असं वाटत राहतं. तापी ओलांडली, अमरोली गेली, आणि मग त्या इमारती दिसायला लागल्या. एकामागे एक, सगळ्या एकसारख्या, चार मजली, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात आकडा. बसमधल्या एका बाईनं माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला विचारलं, "तारुं घर कयुं?" मुलगा बोट दाखवायला गेला आणि त्याला सापडेना. ती म्हणाली, "रोज आवे छे तोये," रोज येतो तरी, आणि हसली.

मला त्या इमारती बघून बरं वाटलं, हे खरं ते लिहितो. मी कागदावर जे काढतो ते तिथे उभं होतं. दोन इमारतींमध्ये उंचीएवढं अंतर सोडलेलं, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या खिडकीवर पडत नाही. नक्षी नाही, खोटे खांब नाहीत. वाहत्या वाऱ्याची दिशा धरून ओळी लावलेल्या. माझ्यासारख्याच कुणीतरी कुठेतरी बसून हे ठरवलं असणार आणि त्याची सरांसारखीच इच्छा असणार.

जवळ गेल्यावर रंग उडालेला दिसला. पाण्याचे पाईप जिथे जोडले तिथे हिरवी बुरशी. तळमजल्याच्या जवळजवळ प्रत्येक खिडकीचं लोक म्हणतात तसं 'दुकान' झालेलं: बिस्किटं, रिचार्ज, शिलाई मशीन, केस कापायची खुर्ची. जिन्यात पहिल्या पायरीवर एक आजोबा बसले होते. लातूरकडचे, आधी कुठेतरी वॉचमन होते असं म्हणाले. घर उघडून दाखवणारा किल्लीवाला येईपर्यंत मी त्यांना विचारलं, घरं कशी आहेत.

"वर हवा चांगली, खाली धंदा चांगला," ते म्हणाले. "दोन्ही एका मजल्यावर घावत न्हाई."

"तुमचा कितवा मजला?"

"चौथा. म्हणून तर हितं बसतो."

वर जाताना दुसऱ्या मजल्यावर जिना अडलेला होता. कुणीतरी एक साडी कठड्यावरून खालच्या मजल्यापर्यंत पसरून ठेवली होती, जांभळी, काठाला खडे लावलेली, आणि पायऱ्यांवर वर्तमानपत्रं अंथरून तिचा उरलेला भाग. समोरच्या दारातून एक बाई हिंदीत ओरडत होती, "रोज का है इसका, बच्चे कहाँ से उतरें?" मी वहीत लिहिलं, 'दुसरा मजला. जिन्यात अडथळा. रहिवाशांना शिस्त नाही.' आम्ही भिंतीला चिकटून वर गेलो. ताई मागे राहिली होती. मी वळून पाहिलं तर ती त्या साडीपाशी थांबली होती आणि वाकून खडे बघत होती.

"ताई, चल ना. कुलूप उघडलं."

घर रिकामं होतं. बाहेरची खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, बाजूला झोपायची लहान खोली, संडास आणि मोरी वेगवेगळे, मागे कपडे धुवायला हातभर जागा. मी अर्धा तास मापं घेतली. बाहेरची खोली दोन नव्वद. मधली भिंत दहा सेंटिमीटर. स्वयंपाकघर एक पंचेचाळीस. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बरोबर. दारं बरोबर. खिडकीचं क्षेत्रफळ जमिनीच्या मानानं जितकं हवं त्याहून थोडं जास्तच. खिडकी दक्षिण-पूर्वेला. पावणेबारा वाजता जमिनीवर उन्हाचा एक चौकोन पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. नळ सोडला तर पाणी आलं. भाऊजी त्या पाण्याखाली हात धरून उभेच राहिले. वस्तीत नळ एकच, तोही सकाळी पाऊण तास.

ताई उंबऱ्यापाशी गेली. ती दारापासून स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावून चालत गेली. मग परत आली. मग दाराबाहेर जाऊन चार घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

"हे कोणाचं?"

"सगळ्यांचं," किल्लीवाला म्हणाला. "यहाँ कुछ रखने का नहीं. फाइन लगता है."

"मन्या, तळमजला भेटन का बदलून?"

"नाही. चिठ्ठीत लागलं ते लागलं." मग मला वाटलं ती मावशीच्या गुडघ्यांचा विचार करते आहे, म्हणून मी म्हणालो, "पायऱ्यांची उंची कमी आहे ताई. साडेसोळा सेंटिमीटर. मावशी हळूहळू चढेल."

"अन घर कसं हाये?"

मी वही मिटली. तेवढ्या वेळासाठी मी आराखडेकार होतो, कुणीतरी मला विचारत होतं, आणि मला उत्तर येत होतं. आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

"घे," मी म्हणालो. "डोळे मिटून घे. यात चूक काढायला जागा नाही."

ती उन्हाच्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "बरं."

सोमवारी सकाळी साडेदहाला आम्ही मांडवात गेलो. वस्तीच्या शाळेपुढे मांडव टाकला होता, दोन टेबलं, पंखा. फॉर्म गुजरातीत होता. मला गुजराती अक्षरं जुळवून वाचता येतात. मी सगळा वाचला, नाव-पत्ता स्वच्छ अक्षरात भरला, दोनदा तपासला. ताईनं सही केली. मावशी घरातून आलीच नाही. टेबलामागचा माणूस म्हणाला, "सरस. पहिल्यांदा कुणीतरी फॉर्म न खोडता भरला." मला त्याचंही बरं वाटलं.

माझी गाडी मंगळवारी सकाळची होती. सोमवारी दुपारभर मी ओट्याच्या कडेला बसून राहिलो आणि बायकांचं काम बघितलं. पाच वाजता टेम्पो आला. ताई घड्या घेऊन गेली, मी गाठोडं उचलायला तिच्याबरोबर गेलो.

"कांतीभाई, आम्ही जाऊन रायलो पुढच्या महिन्यात," ताई म्हणाली. "कोसाडले."

"कोसाड?" त्यांनी वहीत बघितलं. "कयो माळ?"

"तिसरा."

कांतीभाई हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसतात तसे. "बेन, पोटलुं कोण चडावशे?" त्यांनी गाठोड्याकडे आणि मग वर बोट केलं. "और उधर साडी कहाँ सुखाओगी? वो लोग सीढ़ी पे सुखाते हैं, रोज झगड़ा. माल खराब होता है. मैंने बंद कर दिया उधर देना."

ताईनं मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं. आम्ही गाठोडं घेऊन गल्लीत आलो आणि मग मी विचारलं, सुकवायला किती जागा लागते.

"सगळी. गोंद वाळल्याबिगर घडी घालता येत नाही. घडी पडली का खडे दुसऱ्या पदराले चिकटते."

"अर्धी-अर्धी करून?"

"मंग दिवसाच्या दोन होतीन. अन एकटीच्या. ओट्यावरच्या बाकी तिघी तं दुसऱ्या बिल्डिंगीत चालल्या."

"ताई, तू काल बोलली का नाहीस?"

ती चालता चालता थांबली. डोक्यावर गाठोडं होतं, त्यामुळे मान वळवता येत नव्हती. सरळ समोर बघत म्हणाली, "मले वाटलं तू तेही धरलं असशीन. तू समदंच मोजत होता."

एवढंच. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

रात्री जेवताना शोभावहिनींनी दारातून डोकावून विचारलं, "काय म्हणाले मग नकाशेवाले?" ताई म्हणाली, "घर चांगलं हाये म्हणते." मावशी खोकली आणि कूस वळली.

मंगळवारी परतीच्या गाडीत मी वही उघडली. जिन्यातल्या अडथळ्याची ओळ वाचली. ती माझ्या अक्षरात होती, शुद्ध होती. आणि मग कोऱ्या पानावर मी त्या घराचा नकाशा प्रमाणात काढला, एका सेंटिमीटरला अर्धा मीटर. येताना केळ्यांबरोबर आलेला कागद बॅगेत तसाच होता, त्याची एक पट्टी कापली, अकरा सेंटिमीटर लांब. म्हणजे साडेपाच मीटर. साडी. ती पट्टी मी त्या नकाशावर फिरवत राहिलो. बाहेरच्या खोलीत बसत नाही. तिरकी ठेवली तरी नाही. दाराला टेकवून, मधल्या दारातून स्वयंपाकघरात घेऊन, मागच्या भिंतीपर्यंत: दोन नव्वद, अधिक दहा, अधिक एक पंचेचाळीस. चार मीटर पंचेचाळीस. घरातली सगळ्यात लांब सरळ रेघ तेवढीच आहे, साडीला एक मीटर पाच कमी. ताईनं हीच रेघ पावलांनी मोजली होती. माझा टेपही पाच मीटरचाच. एक साडी त्यानं मोजायची तर तो पुरत नाही, हे तोपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

समोर बसलेल्या काकांनी विचारलं, "काय, शिवणकाम शिकता का?" मी नाही म्हणालो.

ऑफिसात परत आल्यावर मी आमच्या साहेबांना विचारलं, सध्या जो नकाशा करतो आहोत त्यात चार घरांच्या मधली जागा एक मीटरनं लांब केली तर. बायका काम करू शकतील. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची वळवून बघितलं. "मन्या, तो मंजूर प्लॅन हाये. अन ती जागा कोणाच्या नावावर धरू?" मी म्हणालो, सगळ्यांच्या. ते म्हणाले, "सगळ्यांच्या नावाचा रकाना नाही त्याच्यात." मग मी आरसा केला.

सरांच्या त्या तीन ओळी चुकीच्या आहेत असं मला अजूनही म्हणता येत नाही. ऊन हवंच. ज्या माणसांनी खिडकीसाठी भांडण केलं त्यांच्यामुळेच मावशी आज उजेडात पडली आहे. पण 'आकार वापरावरून' असं लिहून घेताना आम्ही बत्तीस पोरं होतो आणि कुणाचा वापर, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. आम्ही सगळ्यांनी पलंग काढला. ज्यांच्या घरी पलंग नव्हता त्यांनीही. आणि ज्या ओट्यावर मी एका पायावर उभा होतो, तो मी मोजलाच नाही, कारण तो मला घराचा भाग वाटला नव्हता.

तुम्ही असं घर बघायला जाल तेव्हा सकाळी अकरानंतर जा, म्हणजे ऊन कळतं. नळ सोडून बघा. पायऱ्या मोजा. आणि त्या घरात ज्याला दिवस काढायचा आहे त्याचं जे काही काम असेल, त्याची वस्तू बरोबर न्या आणि जमिनीवर ठेवून बघा. मग बोला. बोलायच्या आधी त्याला बोलू द्या.

ताई जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात राहायला गेली. मागच्या रविवारी फोन झाला. भाऊजींना लूमवर जायला दीड तास लागतो, त्यामुळे ते आठवड्यातून चार रात्री तिकडेच मित्राच्या खोलीवर झोपतात. भाची घरात बसून अभ्यास करते. मावशीला खुर्चीवर बसवून चार जणांनी वर नेलं, त्यानंतर ती खाली उतरली नाही. पण खोकला बराच कमी झाला आहे.

"अन तू दिवसभर काय करते?"

"ऊन लय येते रे इथं," ती म्हणाली. "सकाळी खिडकीपाशी असते, मंग सरकत सरकत सैपाकघराच्या दारापर्यंत जाते. मी पाहत बसते."

खर्च लिहून ठेवतो. रेल्वे, येणं-जाणं: २७०. केळी: २०. पेढे: १६०. उधना ते डिंडोली रिक्षा, दोन वेळा: ४०. लोचो, तीन प्लेट: १२०. चहा: ३०. एकूण सहाशे चाळीस रुपये.

देणं: एक मीटर पाच सेंटिमीटर.